घरांतील रत्नाकर

समुद्राकांठीं राहणाऱ्यास समुद्राचें मोल क्वचितच कळतें. धरमतरच्या खाडीस दिवसांतून दोनदां भरती येते आणि आम्ही तिची वेळ तिथीवरून सांगतों. एवढ्यावर आमचें सागरज्ञान संपत असे. सन 2018 मध्यें आमच्या चिरंजीवांनीं माजघरांत तीनशें लिटरांची कांचेची पेटी आणून खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय मांडलें, तेव्हांपासून मात्र या विषयाकडे आम्हांस नव्यानें पाहावें लागलें. हा छंद हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांत शिरत असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहावे, असें वाटतें.

“खाडी दारांत असतां पाण्याची एवढी यातायात कां?” हा आमच्या सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न. तो रास्त होता. परंतु पावसाळ्यांत अंबा नदीस पूर आला म्हणजे खाडीचा खारटपणा पुष्कळ उतरतो, उन्हाळ्यांत तो पुन्हां चढतो; गाळ तर बारमाही. खाडींतील निवट्या व चिंबोऱ्या हें सर्व सोसतात. प्रवाळांच्या खडकांवर वावरणाऱ्या जीवांस मात्र बारा महिने एकसारखें, निर्मळ आणि दर लिटरास सुमारें 35 ग्रॅम क्षार असलेलें पाणी लागतें. मग मिठागराचें मीठ घालावें, तर तेंही चालत नाहीं. उन्हानें पाणी आटतांना चुन्याचे क्षार आधीं खालीं बसतात, मागाहून खावयाचें मीठ पिकतें, आणि मॅग्नेशियमचे क्षार बहुतांशीं उरलेल्या पाण्यांतच राहतात. म्हणजे मीठ हें समुद्राचें एक अंग आहे, समुद्र नव्हे. म्हणून सर्व क्षारांचें तयार मिश्रण विकत आणून तें शुद्ध केलेल्या पाण्यांत विरघळवावें लागतें. पेटी प्रथम भरतांना असें सुमारें साडेदहा किलो मिश्रण लागलें. खारेपाटांत राहून मीठ विकत आणण्याची पाळी आमच्यावर आली!

चिरंजीवांची मूळ इच्छा जिवंत प्रवाळ ठेवण्याची होती. संस्कृतांत पोवळ्यास ‘विद्रुम’ म्हणतात, आणि ‘प्रवाल’ शब्दाचा दुसरा अर्थ कोंवळा अंकुर असा आहे. पूर्वजांस तें झाडासारखें दिसलें असावें. वस्तुतः तो सूक्ष्म प्राण्यांचा समुदाय होय. खडक बांधणारें प्रवाळ आपल्या शरीरांत सूक्ष्म वनस्पतींस आश्रय देतें, त्यांनीं सूर्यप्रकाशांत तयार केलेल्या अन्नावर मुख्यतः जगतें, आणि पाण्यांतील चुन्यानें आपलें घर बांधतें. अशीं प्रवाळें मालवणच्या आसपास व विजयदुर्गासमोर दूर समुद्रांत आंग्रिया बँकेवर आहेत. 2001 सालीं त्यांचा समावेश 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत झाला. तेव्हां जें संरक्षण वाघास, तेंच पोवळ्यास. चोरून मिळतात, असें कोणी सुचविलें. आम्हीं एवढेंच म्हटलें, कीं ज्या घरांत आयुष्यभर मुलांस नीति शिकविली, तेथें चोरीचें रत्न शोभणार नाहीं. चिरंजीवांनीं तें मानलें. भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र दगडांचा खडक रचला आणि बंदिवासांतच जन्मलेली क्लाउन माशांची जोडी आणली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें या माशांची पैदास आपल्या देशांत साधली आहे. हा मासा प्रथम नर असतो, आणि जोडींतील मोठा पुढें मादी होतो. इला-सुद्युम्नाची कथा ठाऊक असलेल्या आम्हांस त्याचें फारसें आश्चर्य वाटलें नाहीं.

मासे आणण्यापूर्वीं पेटी महिना-दीड महिना त्यांच्यावांचून चालवावी लागते. माशांच्या मलापासून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. एका जातीचे जिवाणू त्याचें नायट्राइट व दुसरे त्याचें सौम्य नायट्रेट करितात. हे अदृश्य सेवक दगडांत वस्तीस येईपर्यंत धीर धरावा. पुढें नित्यकर्म सुरू होतें. आटतें तें केवळ पाणी, क्षार मागें राहतात. म्हणून रोज आटेल तेवढें गोडें पाणी घालावें आणि आठवड्यास दहावा भाग खारें पाणी बदलावें.

या नित्यकर्माची कसोटी 3 जून 2020 रोजीं लागली. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें आणि आमची वीज गेली, ती कित्येक दिवस आली नाहीं. प्रथम आम्हीं कौलें व धान्य पाहिलें, हें सांगणें नलगे. परंतु पंप थांबला कीं पाण्यांत प्राणवायु मिसळणें मंदावतें, आणि मग मासेच नव्हे, तर ते जिवाणूही नाश पावूं लागतात. घरांतील सर्वांनीं पाळ्या लाविल्या. तांबें खाऱ्या पाण्यांतील कित्येक जीवांस विषारी, म्हणून पूजेचा तांब्या बाजूस ठेवून स्टीलचा गडवा घेतला. पेटींतील पाणी हातभर उंचीवरून पुन्हां पेटींतच ओतावयाचें, दिवस आणि रात्र. उत्तररात्रीची पाळी आमची. चौथ्या दिवशीं एका परिचितांचें जनित्र मिळालें, तेव्हां मादी जगली होती. नर दुसऱ्याच रात्रीं गेला. सूनबाईंनीं त्यास जास्वंदीच्या मुळाशीं पुरलें. त्या दिवशीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं.

पांच माणसांच्या हातांनीं जें पुरतें झालें नाहीं, तें भरतीचें पाणी खाडींत रोज दोनदां बिनबोभाट करून जातें. म्हणून ज्यांस हा छंद करावयाचा असेल, त्यांनीं पेटीची किंमत विचारण्यापूर्वीं घरांतील माणसांस विचारावें. यात्रेस किंवा लग्नास जावयाचें झाल्यास मागें कोण राहील? वीज गेल्यास उत्तररात्रीं कोण उठेल? उत्तर मिळाल्यास खुशाल पेटी आणावी. न मिळाल्यास ओहोटीच्या वेळीं खाडीच्या बांधावर जाऊन बसावें. तेथें चिखलावर निवट्या उड्या मारीत असतात, आणि त्यांस आपल्या सेवेची गरज नाहीं.