छताचा रंग

भिंतींना रंग देताना आपण येणाऱ्याजाणाऱ्यांचा विचार करतो. छत मात्र निजणाऱ्याचे असते. चुन्यात चिमूटभर नीळ कालवण्याची जुनी रीत मला अजूनही शहाणपणाची वाटते. पिवळट झाक लोपते, पांढरा अधिक पांढरा भासतो. रंगारीही म्हणाला, “साहेब, छताला पांढराच. उजेड वाढतो.” परंतु दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या पत्नीला तो उजेडच सोसत नाही. मी नमुन्याचे पुठ्ठे तिच्या डोळ्यांवर आडवे धरले. छताला प्रकाश बहुधा जमिनीवरून, भिंतींवरून परावर्तित होऊन मिळतो; त्यामुळे हातात फिका वाटणारा राखी रंग तिथे काळवंडतो. (समीक्षकाची रंगांविषयीची मते उभ्या माणसाची असतात!) तिने पिस्त्याहूनही फिका हिरवा निवडला. रंगाऱ्याने दोन हात दिले; तिसऱ्याला ती “पुरे” म्हणाली.