मे महिन्याची सुट्टी, थायलंडचा समुद्र आणि एक रकाना



एरवी मी इथे चौथीचे निबंध आणि परिसर अभ्यासाच्या नोंदी टाकत असते. आजचा लेख जरा वेगळा आहे. मे २०२५ मध्ये आम्ही दोघं नवरा-बायको थायलंडला जाऊन आलो. तेव्हापासून केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर वेळी कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, किती खर्च आला? आपल्या पगारात जमतं का?" जमतं. पण खर्चाच्या आधी वारा बघावा लागतो आणि ते कोणी विचारत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्या सुट्ट्या आपल्या हातात नसतात. १ मेला झेंडावंदन आणि निकाल, मग जूनच्या मध्यापर्यंत उन्हाळी सुट्टी. दुसरी दिवाळीची. मला समुद्राखाली जायचं होतं, स्कूबा शिकायचं होतं, आणि समुद्र काही शाळेचं वेळापत्रक बघून शांत राहत नाही.

आता आशियाचा नकाशा काढा. थायलंडचा खालचा भाग हत्तीच्या सोंडेसारखा लांब लोंबतो. सोंडेच्या पश्चिमेला अंदमानचा समुद्र, पूर्वेला थायलंडचं आखात. फुकेत, क्राबी, सिमिलान ही नावं पश्चिमेची. को सामुई आणि त्याच्या वरचं छोटंसं को ताओ पूर्वेचं. ('को' म्हणजे बेट.) जो नैर्ऋत्य मोसमी वारा जूनमध्ये आपल्याकडे येतो, तोच मेच्या मध्यात या पश्चिम किनाऱ्यावर धडकू लागतो. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांसाठी बंदच असतात. पूर्वेकडचं आखात मात्र तेव्हा डोंगरांच्या आडोशाला असतं. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे पावसाचा जो फरक आपण मुलांना शिकवतो, साधारण तोच प्रकार. ऑक्टोबर ते डिसेंबरात ईशान्येचा वारा सुटला की उलटं होतं, आखात खवळतं आणि पश्चिम बाजू निवळते.

म्हणजे आपल्यासाठी हिशोब सोपा. उन्हाळी सुट्टीत को ताओकडे, दिवाळीच्या सुट्टीत फुकेतकडे. एका एजंटने मला मे महिन्याचं फुकेतचं पॅकेज फारच स्वस्तात देऊ केलं होतं. स्वस्त का, हे नकाशा उघडल्यावर कळलं. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस १३ मेलाच अंदमानच्या समुद्रात दाखल झाला होता.

"आपलं मालवण काय वाईट आहे?" असंही विचारलं गेलं. वाईट मुळीच नाही. तारकर्लीला जाऊन पाण्याखालचा पहिला अनुभव जरूर घ्या. पण तिथे आपल्यासारखा बहुतेक पर्यटक एकदा हात धरून खाली जातो आणि वर येतो. मला तीन-चार दिवसांचा पूर्ण कोर्स करायचा होता. तो झाला की १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत जाण्याचं प्रमाणपत्र मिळतं. आपल्या अंदमानात हा कोर्स होतो, पण सुट्टीतलं विमानभाडं आणि कोर्सची फी मिळून माझं गणित तिथे बसेना. मलेशियाची पेरहेंतियन बेटंही मे महिन्यात चांगली असतात, सोबत क्वालालंपूर बघता येतं. ज्यांना जमेल त्यांनी तोही विचार करावा. को ताओ हे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट आहे, पण तिथे डायव्हिंग शिकवणाऱ्या शाळा इतक्या की चढाओढीत फी खाली येते. मला साधारण साडेदहा हजार बाटचा दर मिळाला. बाट तेव्हा अडीच रुपयांच्या आसपास होता.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी समुद्र, मग शहर. बुड्या मारल्यावर अंगात जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून एकाहून जास्त बुड्या झाल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. बँकॉक आधी उरकून बेटावरून धावतपळत थेट विमानतळ गाठायचा बेत म्हणूनच चुकीचा. बँकॉकचे तीन दिवस शेवटी ठेवले की हा प्रश्नच उरत नाही.

आमचा मार्ग असा होता. मुंबईहून रात्रीच्या विमानाने बँकॉक. त्याच संध्याकाळी क्रुंग थेप अपिवात या नव्या स्थानकावरून रात्रीची गाडी, साधारण ४८५ किलोमीटरवर चुम्फोन. पहाटे उतरून बसने धक्का आणि तिथून दोनेक तासांची बोट. येतानाही तसंच. दोन रात्री गाडीत झोपल्याने दोन खोल्यांचं भाडं वाचतं. बर्थ आपल्यापेक्षा रुंद, स्वच्छ चादर, प्रत्येकाला पडदा. आमचे हे म्हणाले, "आपल्या महालक्ष्मीला असे पडदे बसवले पाहिजेत."

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना ६० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी स्वतः तपासा. १ मे २०२५ पासून आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट असतं. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नव्हे. आणि आपली जिल्हा परिषदेची परदेश प्रवासाची परवानगी! मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी अशा पायऱ्या चढत प्रस्ताव वर जातो. मी फेब्रुवारीत दिला, एप्रिलच्या शेवटी हातात आला. तिकीट जानेवारीतच काढलेलं. त्या तीन महिन्यांत माझं वजन दोन किलोने उतरलं, ते डाएटने नव्हे.

बँकॉकबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर व्हिडिओ ढिगाने आहेत. आम्ही गेलो तेव्हा नारिंगी झेंड्याच्या नावेने १६ बाटमध्ये चाओ फ्राया नदीवर हवं तितकं लांब जाता येत होतं, त्या नावेत आम्ही उगाचच दोनदा बसलो. वाट फो मंदिरातली पहुडलेल्या बुद्धाची ४६ मीटर लांबीची मूर्ती फोटोत मावत नाही. सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, ते घाईत चुकवू नका. शाकाहारी असाल तर 'जे' हा एक शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की तिथे मांस-मासळी नसते. आणि शिक्षकाला थाई भाषेत म्हणतात 'ख्रू', म्हणजे आपला 'गुरू'च. गाडीत समोरच्या आजींना खुणांनी माझं काम सांगितलं, तर त्यांनी "ख्रू!" म्हणत हात जोडले. इतका मान मला केंद्रात कधी मिळालेला नाही.

आता खर्च. विमान दोघांचं ३९,००० रुपये. गाडी आणि बोट, येऊन-जाऊन १५,०००. बेटावर चार रात्री आणि बँकॉकला तीन, खोलीभाडं १५,५००. खाणंपिणं १३,५००. बेटावरच्या पाण्यातल्या सहली ९,०००. शहरातलं फिरणं, तिकिटं, किरकोळ १०,०००. एकूण १,०२,०००. यातले ५०,००० आम्हा दहा जणींच्या भिशीचे. माझा नंबर जानेवारीत लागला, म्हणून तर तिकीट काढायची हिंमत झाली.

तुमच्या लक्षात आलं असेल, या हिशोबात साडेदहा हजार बाटचा कोर्स कुठेच नाही. तो राहिला.

मला लहानपणी दमा होता. मामाच्या गावी सगळी भावंडं विहिरीत उड्या मारायची आणि मी काठावर सगळ्यांचे कपडे आणि चपला सांभाळत बसायची. पोहायला मी तेहतिसाव्या वर्षी शिकले, तालुक्याच्या तलावावर, सकाळच्या महिलांच्या बॅचला. कोर्ससाठी २०० मीटर न थांबता पोहावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. मार्चपर्यंत मी दोन्ही करत होते. मग डायव्हिंग शाळेकडून आरोग्याचा फॉर्म आला. त्यात श्वासाचा प्रश्न होता, गेल्या बारा महिन्यांत त्रास झाला का. हो की नाही.

डिसेंबरात केंद्राच्या क्रीडा स्पर्धांच्या वेळी मैदानावरच्या धुळीने मला दोन दिवस पंप घ्यावा लागला होता. एवढंच. फॉर्मखाली लिहिलेलं, उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांची सही आणा. हे म्हणाले, "अगं, तिकडे कोण बघायला येतंय? नाही लिही." मी 'नाही' लिहिलं. पाठवला मात्र नाही. फॉर्म दोन रात्री तसाच मोबाइलमध्ये पडून होता. सकाळी वर्गात हजेरी घेताना मला तोच आठवायचा.

तिसऱ्या दिवशी, हे लोक असं का विचारतात ते शोधायला बसले. कारण अगदी विज्ञानाच्या पुस्तकातलं निघालं. पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण, १० मीटर खाली तो दुप्पट. तिथे तुम्ही छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधी रोखायचा नाही. पण दम्यात श्वासनलिकाच आवळल्या तर श्वास न रोखताही हवा आत अडकते. वर येताना ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. खोट्या उत्तरावर विम्याचे पैसेही मिळत नाहीत, आणि साध्या प्रवास विम्यात बऱ्याचदा स्कूबा धरलेलंच नसतं. तेही आधी वाचून घ्या.

मी 'हो' केलं आणि छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नळीत जोरात फुंकायला लावलं, मग पंप देऊन पुन्हा फुंकायला लावलं. पंपानंतरचा आकडा बराच वर गेला. मला वाटलं, छान! डॉक्टर म्हणाले, "छान नाही ना. म्हणजे पंपाशिवाय नळ्या आवळलेल्याच आहेत. तुमचा दमा झोपलाय, गेलेला नाही. मी सही करणार नाही." वरून पोहायला, स्नॉर्केलिंगला त्यांची हरकत नव्हती, पंप बोटीवर ठेवायचा या अटीवर. तपासणी आणि फी मिळून तेराशे रुपये गेले. घरी येईपर्यंत मी गाडीवर मागे बसून एक शब्द बोलले नाही. रात्री तिकीट रद्द केलं तर किती परत मिळेल तेही बघून ठेवलं.

त्यातच मेच्या सुरुवातीला सीमेवर तणाव वाढला. सासूबाई म्हणाल्या, राहू दे यंदा. आश्चर्य म्हणजे "जायचं" असं ठामपणे म्हणणारे हे होते, ज्यांना पाण्याचं काडीचं वेड नाही आणि नीट पोहताही येत नाही.

को ताओला दुसऱ्या दिवशी दुपारी यांनी मला न विचारता स्वतःचं नाव नोंदवलं. नवख्यांसाठी एक बुडी असते, प्रशिक्षक सतत हाताशी. नियमाने १२ मीटरच्या पुढे नेत नाहीत. फॉर्मवर यांची सगळी उत्तरं 'नाही', आणि सगळी खरी. मी म्हटलं, "अहो, तुम्ही विहिरीत कधी उतरला नाहीत!" तर म्हणाले, "पैसे तर तू आधीच बाजूला काढलेले. कोणीतरी बघून यायला नको का?"

नांग युआन बेटाजवळच्या उथळ खाडीत बोट थांबली. त्या जागेला जपानी बाग म्हणतात. मी लाइफ जॅकेट, काच आणि नळी लावून वर तरंगत होते, तोंड पाण्यात. खाली प्रवाळावर पोपटमासे कडाकड चावत होते, तो आवाज पाण्यात चक्क ऐकू येतो. हे प्रशिक्षकाचा दंड घट्ट धरून चालले होते, पाय सायकल मारल्यासारखे. त्यांच्या तोंडातून बुडबुडे सुटत होते. तळाशी वाटाण्याएवढे, वर येता येता लिंबाएवढे, माझ्यापाशी पोहोचेपर्यंत ताटलीएवढे पसरट होऊन माझ्या काचेवर फुटत होते. मी मार्चमध्ये वाचलेलं सगळं तिथे डोळ्यांसमोर घडत होतं. मी कितीतरी वेळ मासे सोडून तेच बघत राहिले.

चाळीसेक मिनिटांनी ते वर आले. तोंडातली नळी काढली, खोकले, आणि पहिलं वाक्य म्हणाले, "तू सांगितलेलंस सहा मीटर. घड्याळात सात दाखवलं."