'रोन' काढा, 'रा' लावा

गेल्या शुक्रवारी हुतात्मा एक्स्प्रेसला चक्क खिडकी मिळाली! बसल्या बसल्या स्पॅनिशची वही उघडली. आमचा क्लायंट मेक्सिकोचा, त्यामुळे वर्षभर क्लास चालू आहे. या आठवड्याचा धडा होता इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह. नाव ऐकूनच घाम फुटावा असा प्रकार.

पण निघाला एकदम सोपा. 'ते बोलले' म्हणजे 'आब्लारोन'. शेवटचा 'रोन' काढा, 'रा' लावा. झालं 'आब्लारा'. 'ते जेवले' म्हणजे 'कोमिएरोन', त्याचं 'कोमिएरा'. मग मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते यांना रा, रास, रा, रामोस, राइस, रान. अपवाद? शून्य! भूतकाळात वेडीवाकडी होणारी क्रियापदंसुद्धा इथं मुकाट्यानं रांगेत उभी राहतात. अक्षरशः फाइंड-रिप्लेस. दौंड ते कुर्डुवाडी मी वीसेक क्रियापदं पुटपुटत चालवली. शेजारचे काका जरा सरकूनच बसले.

मेख आहे ती आघातात. 'आब्लारा'तल्या 'ब्ला'वर जोर दिला तर हे रूप, शेवटच्या 'रा'वर दिला तर 'तो बोलेल'. देवनागरीत दोन्ही सारखंच दिसतं, आणि आपल्या मराठी कानाला तो फरक पटकन कळत नाही.

हे रूप लागतं कुठं? 'तू यावंस असं वाटतं' आणि 'तू यावंस असं वाटत होतं', ही दोन वाक्यं बघा. वाटणं मागं गेलं तरी आपलं 'यावंस' जागचं हलत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र इच्छा भूतकाळात गेली की तिच्या मागोमाग दुसऱ्या क्रियापदालाही जावं लागतं.

गृहपाठ होता, जुनी वाक्यं भूतकाळात करा. वही मागं चाळली. पहिल्या टर्मला मी लिहिलं होतं, 'पापा किएरे के मे केदे एन सोलापूर.' मी सोलापुरात राहावं अशी बाबांची इच्छा आहे.

तेव्हा बाबा होते.

म्हणजे आता 'किएरे'चं 'केरिया' आणि 'केदे'चं 'केदारा'. दोनच शब्द. मोहोळ येईपर्यंत पेन नुसतं हातात होतं.

बाबा सरळ कधी बोललेच नाहीत तसं. स्टेशनवर सोडायला आले की विचारायचे, "पुण्यात फ्लॅटचं काय भाव चाललंय?" मी आकडा सांगितला की, "तेवढ्यात इथं बंगला होतोय की." मी हसायचो. गाडी सुटायची. असो.

रात्री जेवताना आईनं विचारलं, "काय पुटपुटायलास रे मगाधरनं?" सगळं सांगितलं, केदे आणि केदारासकट. कडक भाकरीवर शेंगाचटणी वाढत ती सहज म्हणाली, "ह्यांना लई वाटायचं बघ, तू इथंच राहावंस."

"आणि तुला?"

"मला वाटतंय की."

वाटतंय. मी भाकरी मोडत बसलो. काय बोलणार?

झोपायच्या आधी गृहपाठ पुरा केला. 'पापा केरिया के मे केदारा एन सोलापूर.' जोर 'दा'वर. मग त्याखाली, गृहपाठात नव्हतं तरी, आणखी एक ओळ लिहिली, 'मामा किएरे के मे केदे.' (मामा म्हणजे आई बरं का!) सोमवारी सकाळच्या गाडीचं तिकीट त्याच पानात ठेवलं होतं.