कनकी

भंडाऱ्याच्या माणसाला बर्फ ठाऊक तो गारपिटीचा. साकोलीकडच्या धानाच्या बांधीत वाढलेला मी फौजेत गेलो आणि गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये बर्फात खड्डा खणायला शिकलो.

खड्डा जमिनीपर्यंत न्यायचा. मग वरून खाली एकेक थर हाताने दाबत यायचं. कुठे मूठ आत शिरते, कुठे चार बोटं, कुठे एकच बोट, कुठे पेन्सिल, तर कुठे चाकूच लागतो. कडक थराखाली अचानक मूठ आत गेली की तिथे थांबायचं. पहिल्याच खड्ड्यात उस्तादांनी अगदी तळातला बर्फ माझ्या हातमोज्यावर ठेवला. मूठ आवळली, पण गोळा होईना. दाणे बोटांतून गळून गेले. माझ्या तोंडून निघालं, "कनकी!" आई तांदूळ पाखडून तुटके दाणे बाजूला काढायची, तशीच.

हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ थोडाच पडतो. खाली जमीन शून्याच्या आसपास, वर निरभ्र रात्रीची उणे वीसची हवा. पातळ थरात एवढा फरक असला की तळातली वाफ वर सरकत राहते आणि कण मोठे, कोरडे, कोनदार होतात. एकमेकांना धरतच नाहीत. त्यावर जानेवारी-फेब्रुवारीत पुरुषभर बर्फ बसतो. वरून सगळं पांढरं, घट्ट, सुंदर. पाऊल टाकलं की कधी खालून दबका 'धप्प' येतो, ढोलीतला धान आतून बसावा तसा. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर तो आवाज ऐकणं फार वाईट. तिथून मागे फिरायला मला कधी लाज वाटली नाही.

8 फेब्रुवारी 2010 ला खिलनमर्गला त्याच स्कूलचे 17 जवान हिमस्खलनात गेले. मी तिथे नव्हतो. त्या उतारांवर मात्र चाललो होतो. बातमी ऐकली तेव्हा हातमोज्यावरचे ते दाणेच आधी आठवले.

आता गावची पोरं जानेवारीत केदारकंठ्याच्या ट्रेकला जातात. परवा एकाचा फोन आला, "काका, काल रात्री बर्फ पडला, पण आज आभाळ एकदम साफ आहे. निघतो."

"आजचं आभाळ राहू दे," मी म्हटलं. "नोव्हेंबरात तिकडे किती पडला होता? आणि त्यानंतर रात्री कशा होत्या? तिथल्या गाईडला विचार, मी फोनवर थांबतो."