शादनगरची वाट आणि एक विझलेली शेगडी

हैदराबादहून बेंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने शमशाबाद मागे टाकले की दख्खनचे खरे रूप दिसू लागते. एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे प्रचंड पाषाण, मधूनच सीताफळीची झुडपे आणि पाणी आटत चाललेली तळी. या वाटेवर सुमारे 50 किलोमीटरवर शादनगर लागते. तेथून आत, एका खेड्यालगत आमच्या भाच्याचे कुक्कुटपालन आहे. गेल्या पौषात तेथे दोन दिवस राहण्याचा योग आला.

पाच वर्षांपूर्वी गेलो होतो, तेव्हा नाकाला रुमाल लावूनच आत शिरलो होतो. हजार कोंबड्यांच्या पिंजऱ्यांखाली विष्ठेचे ढीग साचलेले, आणि माश्या तर गावातल्या ताटांपर्यंत पोचलेल्या. "ही शेड उठवा," असे गावकऱ्यांनी स्पष्ट बजावले होते. त्यांचे काही चुकत नव्हते. पण भाच्याचे सारे भांडवल त्या शेडमध्येच अडकले होते.

एका कोंबडीची ओली विष्ठा दिवसाला सुमारे 100 ग्रॅम. म्हणजे हजार कोंबड्यांची क्विंटलभर. किलोमागे शेणापेक्षा तिच्यातून गॅसही अधिक निघतो. हे वाचून भाच्याने 1984 साली पुढे आलेल्या 'दीनबंधू' पद्धतीचे, जमिनीखाली घुमट असलेले सयंत्र बांधून घेतले. आरंभी शेण घालून ते सुरू केले आणि मग भराभर सगळी विष्ठा आत लोटली. तीन आठवडे निळी ज्योत जळली. चौथ्या आठवड्यात शेगडी विझली.

"मामा, त्या दिवशी मी खरोखर शेड विकायला निघालो होतो," तो म्हणाला.

दोष विष्ठेच्या श्रीमंतीचा होता. शेणात नायट्रोजनच्या पंचवीसपट कार्बन असतो. कोंबडीच्या विष्ठेत तो जेमतेम दहापट. जादा नायट्रोजनचा अमोनिया होतो, आणि मिथेन निर्माण करणारे सूक्ष्म जीव त्यात गुदमरतात. शिवाय अंड्याचे कवच घट्ट व्हावे म्हणून खाद्यात घातलेला शिंपल्यांचा चुरा तळाशी बसतो, तर पिसे वर तरंगून साय धरतात.

टाकी उपसावी लागली. भाच्याने पुन्हा शेणापासून आरंभ केला. या वेळी विष्ठा हळूहळू वाढवली, पाणी दुप्पट केले आणि पिसे चाळून काढली. त्याच्यापाशी गुरे नव्हती. शेणासाठी त्याला शेजाऱ्यांच्याच दारी जावे लागले. ज्यांनी शेड उठवायला सांगितले होते, त्यांच्यापैकीच एका वृद्ध शेतकऱ्याने अखेर रोज दोन पाट्या शेण देऊ केले. अट एवढीच, की बाहेर पडणारी मळी आपल्या शेताला मिळावी.

पहाटे मी भाच्याबरोबर शेडकडे गेलो. ताजी विष्ठा पाण्यात कालवून गडी कुंडीत ओतत होता. दुसऱ्या टोकाला काळसर, जवळजवळ निर्गंध मळी संथपणे बाहेर येत होती. गॅसच्या नळीवर लोखंडाचा कीस भरलेली एक डबी बसवली आहे. सडक्या अंड्याचा वास देणारा, भांडी गंजवणारा वायू तीत अडकतो. दिवसाला सुमारे सहा घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे अडीच किलो सिलिंडरच्या गॅसइतका. दोन घरांचा स्वयंपाक त्यावर होतो. उरलेला पिलांना ऊब देणाऱ्या शेगडीला जातो.

सारेच साधले, असे मात्र नव्हे. उन्हाळ्यात बोअर आटली की कालवणासाठी पाणी कोठून आणायचे, हा घोर आहेच. मळीचेच पाणी पुन्हापुन्हा वापरावे, तर अमोनिया परत वाढतो. भाचा आता शेडच्या छपराचे पाणी साठवण्यासाठी हौद बांधतो आहे.

निघताना सूनबाईंनी त्याच निळ्या ज्योतीवर केलेला चहा पुढे ठेवला. बाहेर ते वृद्ध शेतकरी बैलगाडीत मळीची पिंपे चढवीत होते. त्यांची माझी भाषा निराळी. पण माझ्याकडे पाहून त्यांनी नाकाला रुमाल लावण्याचा अभिनय केला आणि ते मिस्कीलपणे हसले. पाच वर्षांपूर्वीचा पाहुणा त्यांनी नेमका ओळखला होता. या खेपेस माझा रुमाल खिशातच राहिला होता.