काटकसर कुठे करावी?

गाणी, चित्रपट, छायाचित्रे आणि घरगुती चित्रफिती एका संगणकात साठवाव्यात आणि घरातल्या कुठल्याही पडद्यावर त्या हव्या तेव्हा पाहता याव्यात, ही हौस आता फारशी महाग राहिलेली नाही. अशा घरगुती मीडिया सर्व्हरविषयी जे लिहिले जाते ते मात्र बहुधा क्षमतेच्या भाषेत असते: कुठला प्रोसेसर एका वेळी किती चित्रपट पेलतो, कुठल्या कॅबिनेटमध्ये किती हार्ड डिस्क मावतात, वगैरे. ही माहिती उपयोगाची आहेच. पण पैसे मोजके असतील तर खरा प्रश्न निराळा असतो. काय गमावलेले चालेल आणि काय चालणार नाही, हे ठरल्याशिवाय काटकसर कुठे करावी ते कळत नाही.

२०२४ साली मी या कामासाठी पस्तीस हजार रुपये बाजूला काढले आणि सुटे भाग पाहण्याआधी घरातला साठा मोजला. वडिलांच्या संग्रहातल्या एकशे ऐंशी कॅसेटी, तासाभराची एक अशा मिनी-डीव्हीच्या बावीस फिती, काही हजार छायाचित्रे आणि गेल्या वीस वर्षांत विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी. सीडीच्या दर्जाचा एक तासाचा आवाज सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेतो. फ्लॅक पद्धतीने, काहीही न गाळता, तो दाबला की साधारण निम्मा होतो. म्हणजे सगळ्या कॅसेटी मिळून साठ-सत्तर गिगाबाइट. मिनी-डीव्हीला तासाला १३ गिगाबाइट लागतात, म्हणजे बावीस फितींना २८६. छायाचित्रे धरूनही हा आकडा अर्ध्या टेराबाइटच्या आतच राहिला. चित्रपटांना मात्र तीन टेराबाइटही अपुरे पडतील अशी चिन्हे होती.

या हिशेबाने माझे पुढचे बरेच निर्णय सोपे केले. जे जगात दुसऱ्या कुणाकडेच नाही, ते आकाराने सर्वांत लहान होते; आणि जागा सर्वांत जास्त अडवत होते ते बाजारात पुन्हा मिळण्यासारखे.

कॅसेटींविषयी थोडे सांगायला हवे. १९८०च्या दशकात वडील रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून नाट्यगीते टिपून घेत. तार जोडलेली नसे. टेपरेकॉर्डरच्या स्वतःच्या माईकवरच सारी भिस्त. त्यामुळे गाण्याबरोबर घरही टिपले गेले. एखाद्या तानेवर कुकरची शिट्टी येते, जिन्यातून कुणी हाक मारते, आणि मध्येच आईचा आवाज येतो, "अहो, जरा हळू लावा, मुलांची परीक्षा आहे." त्यातली बरीच गाणी आज कितीतरी स्वच्छ ध्वनिमुद्रणांत सहज मिळतात. आई २०१६ साली गेली. तिचा त्या वयातला आवाज फक्त त्या खरखरीत आहे. म्हणूनच खरखर काढून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला मी गेलो नाही. खरखर कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते, हे त्याला कोण सांगणार?

आता यंत्राकडे वळू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग) एका दुकानदाराने मला आग्रहाने सांगितले, "साहेब, आय-सेव्हनच घ्या. पुढची दहा वर्षे बघायला नको." त्याचा हेतू वाईट नव्हता. पण मीडिया सर्व्हरचे काम मुख्यतः साठवलेली फाइल उचलून पडद्याकडे धाडण्याचे असते, आणि त्याला फारशी ताकद लागत नाही. ताकद लागते ती टीव्हीला फाइलचे स्वरूप समजत नसेल किंवा चित्राच्या रूपातली उपशीर्षके चित्रावरच उमटवायची असतील तेव्हा. मग चालू असतानाच रूपांतर करावे लागते. इंटेलच्या प्रोसेसरांत यासाठी क्विक सिंक नावाचा स्वतंत्र विभाग २०११पासून आहे, आणि सातव्या पिढीपासून तो दहा-बिटी एचईव्हीसीही हाताळतो. सॉफ्टवेअरपैकी प्लेक्स या सोयीसाठी पैसे घेते. २०१८च्या डिसेंबरात एम्बीपासून वेगळे झालेले जेलीफिन मुक्तस्रोत आहे आणि काहीच घेत नाही. मी जेलीफिन घेतले.

निवड दोन यंत्रांत होती. २०२३ साली आलेला इंटेल एन१०० बसवलेला नवा चिमुकला संगणक, किंवा एखाद्या कार्यालयातून निघालेला, आठव्या पिढीच्या आय-५चा जुना संगणक. एन१०० जेमतेम सहा वॅटच्या वर्गातला आहे आणि एव्ही१ हे नवे स्वरूपही उलगडतो. आठव्या पिढीला ते जमत नाही. पण त्या चिमुकल्या खोक्यांत साडेतीन इंची हार्ड डिस्क सहसा मावत नाही, ती बाहेर यूएसबीला लटकवावी लागते. मला डिस्क आत, स्क्रूने घट्ट बसवलेली हवी होती. मी जुना संगणक अकरा हजारांत घेतला. मात्र अशा यंत्रांचा वीजपुरवठा आणि मदरबोर्ड अनेकदा त्या-त्या कंपनीच्या खास मापाचे असतात आणि डिस्कला वीज देणाऱ्या तारा मोजक्याच असतात, हे घेण्यापूर्वी झाकण उघडून पाहावे. आठ गिगाबाइट रॅम आत होतीच, तेवढी पुरली. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यावर तर जुन्या यंत्राची ही बाजू आणखी भक्कम झाली.

घरात पडून असलेला थोरला डेस्कटॉप का वापरला नाही, असे कुणी विचारील. कारण हे यंत्र चोवीस तास चालते. तो डेस्कटॉप काही न करताही ६० वॅट खातो, म्हणजे वर्षाला ५२५ युनिट. हा छोटा डिस्कसकट १८ वॅट, म्हणजे १५८ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक वाचतात. तीन वर्षांत अकरा हजार फिटतात.

प्रोसेसरवर वाचवलेले पैसे मी डिस्कवर घातले. यात एक बारकावा आहे. काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, वाचनही व्यवस्थित होते, पण एक कौल बदलायचे तर शेजारची हलवावी लागतात, तसे पुन्हा लिहिणे रेंगाळते. सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्येही ही रचना न सांगता वापरली जात असल्याचे २०२० साली उघड झाले. एकदा लिहून ठेवायच्या चित्रपटांना अशी डिस्क चालते. सतत बदलणाऱ्या विद्याला नाही. माहितीपत्रकात हा तपशील शोधून मगच डिस्क घ्यावी.

मग रेड करायचे की नाही? १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना मांडली तेव्हा नावातल्या 'आय'चा अर्थ 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, असा होता. 'इंडिपेंडंट' हा अर्थ मागाहून आला. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, ही त्यामागची सोय. पण चुकून पुसलेली फाइल रेडमध्ये दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते. माझ्या घरी चित्रपट अर्धा दिवस बंद राहिला तर काही बिघडत नाही, म्हणून मी रेड टाळले. चार टेराबाइटच्या डिस्कवर सारे काही आहे. तो अर्धा टेराबाइट तेवढा रोज रात्री दुसऱ्या, लहान डिस्कवर उतरतो आणि पुसलेल्या फाइलीही तिथे काही महिने राहतात. त्याचीच तिसरी प्रत नाशिकला ताईच्या कपाटात असते. दिवाळीला आणि मे महिन्यात ती अदलाबदलीने ताजी होते. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक घराबाहेर हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम. त्यातल्या माध्यमांच्या अटीसाठी मूळ फिती जपल्या आहेत असे मी मानतो. चित्रपटांची प्रत नाही. डिस्क गेली तर डीव्हीडी पुन्हा उतरवीन, कंटाळा आला तर नाही उतरवणार. उरलेल्या पैशांत छोटा यूपीएस बसला, कारण लिहिणे चालू असताना वीज जाण्याची किंमत याच डिस्कना मोजावी लागते.

धाकट्या भावाचे म्हणणे पडले, "दादा, महिन्याला चार पैसे भरले की सगळे क्लाउडवर राहते. कशाला हा खटाटोप?" त्याचा मुद्दा खोटा नाही, चौथी प्रत म्हणून मलाही ती सोय मान्य आहे. पण गूगल प्ले म्युझिक २०२०च्या अखेरीस बंद झाले, आणि गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ला संपली. त्या कंपनीच्या दृष्टीने ते व्यवहाराचे निर्णय होते, आणि व्यवहार असाच चालायचा. आईचा आवाज दुसऱ्याच्या व्यवहारावर अवलंबून ठेवू नये, इतकेच मला म्हणायचे आहे.

हाच न्याय मलाही लागू होतो. उद्या मी नसलो तर घरातल्या कुणालाही हे उघडता आले पाहिजे. म्हणून फाइली साध्या फोल्डरांत, साध्या नावांनी ठेवल्या आहेत. सर्व्हर बंद पडला तरी डिस्क काढून लिनक्स असलेल्या कुठल्याही संगणकाला जोडली की सारे दिसते. भाऊ माझ्यासमोर ते दोनदा करून बसला आहे. संगणकाच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला आहे. कुठली डिस्क कशाची, पासवर्ड कुठे, नाशिकची प्रत कुणाकडे, एवढेच त्यावर आहे. शेवटची ओळ अशी: 'चित्रपट गेले तर जाऊ द्या, कॅसेटींचा फोल्डर आधी उतरवून घ्या.' साऱ्या खरेदीत या कागदाला सर्वांत कमी खर्च आला.