तळपायांची आग आणि संमोहन

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग होते, मुंग्या येतात, चादरीचा स्पर्शही नकोसा होतो, ही तक्रार मी दवाखान्यात गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे. ती आग म्हणजे काय, हे मात्र मला माझ्याच पायांनी शिकवले. वाचकहो, मीही मधुमेही आहे.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा होते. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून त्रास बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होतो. इजा झालेले तंतू कारण नसताना मेंदूकडे वेदनेचे संदेश धाडत राहतात. औषधांनी मला उतार पडला. पण मात्रा वाढवली की दिवसा गुंगी येई. तेव्हा एका मानसोपचारतज्ज्ञ मित्राने संमोहन सुचवले.

मी हसलो. संमोहन म्हणजे रंगमंचावरचा खेळ, अशीच माझी समजूत होती. वास्तविक 1845 पासून बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या शल्यचिकित्सकाने संमोहनसदृश अवस्थेत रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना संमोहित अवस्थेत हात गरम पाण्यात बुडवण्यास सांगितले. सूचना बदलल्या तसा वेदनेचा त्रासदायकपणा बदलला आणि मेंदूच्या संबंधित भागातील हालचालही बदलली. मधुमेही मज्जातंतूंच्या वेदनेबाबत पुरावा अद्याप मर्यादित आहे. म्हणून हा पूरक उपाय, पर्याय नव्हे.

मित्राने मला खुर्चीत बसवले, श्वासाकडे लक्ष द्यायला लावले आणि संथपणे म्हणाला, "तू ओढ्याच्या गार पाण्यात पाय सोडून बसला आहेस." मला झोप लागली नव्हती; पंख्याचा आवाजही ऐकू येत होता. पुढे रोज रात्री पंधरा मिनिटे ते मी स्वतःच करू लागलो. काही आठवड्यांनी आग होतीच, पण तिचा जाच ओसरला. झोप परतली.

आणि तिथेच माझी चूक झाली. त्रास कमी झाला, म्हणून मी तळपाय तपासणे सोडले. एका संध्याकाळी पत्नीने विचारले, "अहो, फरशीवर हे रक्त कसले?" नव्या चपलेने अंगठ्याखाली फोड येऊन फुटला होता. मला जाणवलेही नव्हते. ती जखम भरायला सहा आठवडे लागले. रुग्णांना रोज सांगणारा मी स्वतःच विसरलो होतो की, जो पाय जळतो तोच बधिरही असू शकतो. संमोहन वेदनेचा जाच हलका करते; तंतू दुरुस्त करत नाही, बधिरपणा घालवत नाही.

म्हणून सांगतो, संमोहन अवश्य शिका, पण प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडूनच. औषधे परस्पर बंद करू नका. साखर आटोक्यात ठेवा. मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-12 जीवनसत्त्वाची तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना विचारा. त्याच्या कमतरतेनेही असाच त्रास होतो. अनवाणी चालू नका.

आता रात्री मी आधी आरसा धरून दोन्ही तळपाय पाहतो, बोटांच्या बेचक्याही पाहतो. त्यानंतरच डोळे मिटून ओढ्याकाठी जाऊन बसतो. हा क्रम आपणही बदलू नये, एवढीच विनंती.